मलय भुतांना मायाळू रूप देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलेशिया आणि सिंगापूरमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना तिथल्या भुतांच्या गोष्टी शाळेत, बसमध्ये, शेजारच्या आजीकडून कळतातच. त्या गोष्टी मी मुलांसाठी नव्याने रचते आणि त्यातल्या भुतांना जीव लावणारी माणसं करते. त्यावरून पालक, शिक्षक आणि चित्र काढणारी मंडळी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत.

मलय भुतं म्हणजे नेमकी कोणती?

मलाय द्वीपकल्प, सिंगापूर, ब्रुनेई आणि इंडोनेशियाचा बराचसा भाग या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी. भुताला तिथे ‘हांतू’ म्हणतात. सगळ्यात नावाजलेली पोंतियानाक: बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेली बाई, पांढरे कपडे, मोकळे लांब केस, केळीच्या झाडात वस्ती. तिच्याच नात्यातली लांगसुयर. धड घरी ठेवून नुसतं डोकं आणि आतडी घेऊन उडणारी पेनांग्गालान. मालकासाठी पैसे चोरणारं लहान मूल, तोयोल. कफनात बांधलेला आणि उड्या मारत चालणारा पोचोंग. अंगाला काळं तेल फासलेला ओरांग मिन्याक. तिन्हीसांजेला बाहेर खेळणारी मुलं लपवून ठेवणारी हांतू कोपेक. शिवाय बाटलीत पाळायचा पोलोंग, बांबूच्या बेटातला उंचच उंच हांतू, आणि प्रत्येक गावाचे आपापले वेगळे.

शेकडो वर्षांच्या भुतांना आपण बदलायचं, हा परंपरेशी खेळ नाही का?

ही भुतं कधी एका जागी थांबलेलीच नाहीत. वॉल्टर स्कीट हा इंग्रज अधिकारी मलाय द्वीपकल्पातल्या सेलांगोरमध्ये नोकरीला होता. त्याने 1900 मध्ये मलय जादूटोणा आणि समजुतींवर जाडजूड पुस्तक छापलं. त्यात पोंतियानाक बाई नाहीच. ती आहे मेलेलं जन्मलेलं बाळ, आणि त्या बाळाची आई म्हणजे लांगसुयर. तिचे कपडे पांढरे नाहीत, हिरवे आहेत. आज कुठल्याही मलेशियन मुलाला विचारा, पोंतियानाक म्हणजे पांढऱ्या कपड्यातली बाईच. म्हणजे अवघ्या काही दशकांत बाळाची आई झाली आणि हिरव्याचं पांढरं झालं, आणि कुणालाही ते परंपरा मोडल्यासारखं वाटलं नाही.

या बदलात सिनेमाचा हात मोठा आहे. 1957 मध्ये सिंगापूरच्या कॅथे-केरिस स्टुडिओने ‘पोंतियानाक’ नावाचा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते बी. एन. राव, मूळचे केरळचे. मुख्य भूमिकेत मारिया मेनाडो. त्या कथेतली बाई मुळात दुष्ट नसते. मंत्रतंत्राने तिला रूप मिळालेलं असतं, अट एवढीच की रक्त चाखायचं नाही. नवऱ्याला साप चावतो, ती तोंडाने विष ओढून काढते, रक्ताची चव लागते आणि ती भूत होते. नवऱ्याचा जीव वाचवायला गेली म्हणून भूत झालेली बाई! तिच्यासाठी प्रेक्षकांचे डोळे भरून यावेत असंच ते कथानक रचलेलं होतं. मायाळू पोंतियानाकची वाट सिनेमानेच तेव्हा दाखवली होती.

पण पोंतियानाक मायाळू होऊच कशी शकते? ती तर रक्त पिते.

मी सुरुवात करते ती तिचं काय झालं होतं इथून. स्कीटने लांगसुयरची, म्हणजे आजच्या पोंतियानाकसारख्याच त्या आईची, जन्मकथा दिली आहे. अतिशय देखणी बाई. तिला सांगतात की तुझं बाळ मेलेलं जन्मलं आणि त्याची पोंतियानाक झाली. त्या धक्क्याने ती टाळी वाजवते, घोडी खिंकाळावी तसा आवाज काढते आणि उडून एका झाडावर जाऊन बसते. संपली कथा. यात क्रौर्य कुठे आहे? बाळ गमावलेल्या आईचा हंबरडा आहे.

बाळंतपणात गेलेल्या बाईची लांगसुयर होऊ नये म्हणून तिच्या मृतदेहाचं काय करायचं हेही त्याच पुस्तकात आहे, आणि ते वाचताना पोटात कालवतं. तोंडात काचेचे मणी भरायचे, म्हणजे तिला किंचाळता येणार नाही. दोन्ही काखांत कोंबडीचं एकेक अंडं ठेवायचं, म्हणजे हात पंखांसारखे हलवता येणार नाहीत. तळव्यांत सुया टोचायच्या, म्हणजे मुठी उघडझाप करून उडता येणार नाही. जिला बाळंतपणात मरण आलं तिलाच मरणानंतरही गप्प बसवायची एवढी तयारी. हे सगळं गावाच्या भीतीतून आलं, आणि ती भीती खरी होती. त्या काळी बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ. आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते असं म्हणायचे, तेही त्याच भीतीतून.

माझ्या गोष्टींतली पोंतियानाक त्यामुळे बाळंतिणींची राखण करते. मलय घरांत बाळंतीण 44 दिवस पथ्यात असते. पोटाला पट्टा, गरम दगडाचा शेक, मालिश, ठरावीक जेवण. त्या दिवसांत रात्री बाळ रडायला लागलं की माझी पोंतियानाक खिडकीबाहेरच्या केळीवरून हळूच झुला हलवते. जे तिला मिळालं नाही ते ती दुसरीला देते. एवढं पुरतं; तिच्या तोंडी उपदेश घालायची गरज पडत नाही.

तिच्या आणखी एका सवयीचा मला फार उपयोग होतो. लांगसुयरला मासे फार आवडतात, असं जुन्या समजुतीत आहे. नदीच्या मुखाशी मासेमारीसाठी खांब रोवलेले असतात, त्यांवर या थव्याने बसतात आणि मासे पळवतात. कोकणातल्या वाचकाला हे चित्र लगेच दिसेल. मासे चोरणाऱ्या भुताला लहान मुलं घाबरत नाहीत. ती लगेच विचारतात, कुठला मासा?

मानेतल्या खिळ्याचं काय करायचं? खिळा ठोकला की ती चांगली होते ना?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि माझं उत्तर पक्कं आहे: खिळा वापरू नका.

समजूत अशी की पोंतियानाकच्या मानेमागच्या भोकात लोखंडी खिळा ठोकला की ती सुंदर, शांत बाई होते आणि घरसंसार करते. खिळा काढला की पुन्हा भूत. लांगसुयरच्या बाबतीत तिची लांब नखं आणि केस कापून त्याच भोकात कोंबायचे. मग ती वर्षानुवर्षं माणसांत राहते, तिला मुलंबाळंही होतात. स्कीटच्या नोंदीत पुढे असंही आहे की गावच्या जत्रेसारख्या प्रसंगी तिला नाचू दिलं की मात्र ती मूळ रूपात येते आणि अंधारात उडून जाते.

वरवर पाहता ‘भूत प्रेमळ झालं’ असं हे तयार कथानक आहे, म्हणून नव्याने लिहिणारे त्यावर लगेच झडप घालतात. पण नीट बघा. तिच्या शरीरात खिळा ठोकून तिला गप्प केलं आहे. तिची मर्जी कुणी विचारलेली नाही. याला प्रेमळपणा म्हटलं तर मुलींना आपण काय शिकवतो आहोत? नाचायला मिळालं त्या क्षणी ती निघून जाते, यावरूनच कळतं की इतकी वर्षं ती घरात कशी होती.

माझ्या गोष्टीत एक मुलगी तिच्या मानेतला खिळा काढते. मोठी माणसं ओरडतात, पळापळ होते. पोंतियानाक मान चोळते, त्या मुलीकडे बघते आणि शेजारी बसते. मुक्त झाल्यावरही ती वाईट वागत नाही, तेव्हाच तिचा चांगुलपणा खरा ठरतो. खिळा ठेवून दाखवलेला चांगुलपणा मला पटत नाही, कितीही गोड चित्र काढलं तरी.

पेनांग्गालान मुलांना किळसवाणी वाटत नाही का?

मोठ्यांनाच जास्त वाटते. लोंबणारी आतडी म्हटल्यावर सात-आठ वर्षांची मुलं पुढे सरकून बसतात.

तिच्याभोवतीचे तपशील घरगुती आहेत आणि तिथेच तिचं माणूसपण सापडतं. रात्रभर फिरून आल्यावर तिची आतडी फुगलेली असतात, धडात परत मावत नाहीत. म्हणून घरात सिरक्याचा रांजण असतो. त्यात बुडवली की ती आक्रसतात. तिला अडवायला लोक घराभोवती, विशेषतः जिच्या घरी बाळंतपण आहे तिथे, जेरुजू नावाच्या झुडपाच्या काटेरी फांद्या बांधतात. आतडी काट्यांत अडकतील या धाकाने ती फिरकत नाही. तिच्या उगमाची एक कथा अशी: एक बाई रिकाम्या रांजणात बसून व्रत करत होती, एक माणूस अचानक आत डोकावला, ती इतकी दचकली की लाथ तिच्याच हनुवटीला लागली आणि डोकं धडापासून सुटलं. तपात बसलेली बाई, तिला दचकवणारा दुसराच, आणि भूत झाली ती.

मी तिला गावातली सुईण केली आहे. काही कथनांत ती सुईण असतेच. दिवसा पाय दुखतात, चालवत नाही. म्हणून रात्री अडलेल्या बाईकडे लवकर पोचायला ती डोकं तेवढं घेऊन निघते. मुलांना सगळ्यात आवडतो तो सकाळचा प्रसंग: रांजणाशी बसलेली ती, काट्यात अडकलेला एक वेढा हळूहळू सोडवून घेते आणि घरात सगळीकडे सिरक्याचा वास. चित्र काढताना आतडी लाल रक्ताळलेली न दाखवता वाळत घातलेल्या रंगीत सुतासारखी दाखवली तर चालतं. मात्र आतडी वगळूच नका. ती वगळली तर उरतं नुसतं उडणारं डोकं, आणि तिची सगळी अडचणच नाहीशी होते.

तोयोल चोर आहे. त्याला चांगला दाखवून चोरीचं समर्थन होत नाही का?

चोरी कोण करतं ते पाहा. तोयोल म्हणजे मेलेल्या अर्भकापासून मंत्राने उठवलेलं मूल. मालक त्याला पाळतो, स्वतःचं रक्त पाजतो आणि शेजाऱ्यांचे पैसे आणायला पाठवतो. त्याला रोखायचा गावठी उपाय म्हणजे पैशांजवळ खेळणी, गोट्या किंवा मूठभर मूग ठेवायचे. तो खेळात रमतो आणि आला कशाला तेच विसरतो. ज्याला खेळायला मिळालं की काम आठवत नाही त्याला चोर म्हणणं जिवावर येतं. त्याला कामाला जुंपलं आहे. गोष्टीत जाब विचारायचा तो मालकाला.

पोचोंग?

कफनाच्या गाठी सोडायच्या राहिल्या म्हणून परत आलेला जीव. त्याची मागणी एवढीच की गाठ सोडा. याहून सोपं दुःख दुसऱ्या कुठल्या भुताचं नसेल. मात्र दफनविधी हा श्रद्धेचा विषय आहे, तेव्हा त्याला विनोदी पात्र करताना हात आखडता ठेवा.

2020 मध्ये कोरोनाच्या काळात मध्य जावातल्या केपुह गावात तरुण मंडळी पोचोंगचा वेष करून रात्री रस्त्याकडेला बसली, लोकांनी घरात राहावं म्हणून. आधी उलटंच झालं, लोक पोचोंग बघायला बाहेर पडायला लागले. मग त्यांनी जागा आणि वेळ न सांगता अचानक प्रकट व्हायचं ठरवलं. मलेशियात तेरेंग्गानु राज्यातही एकाने पोंतियानाकसारखा वेष करून हेच केलं. गावाच्या जिवाची काळजी म्हणून भूत रस्त्यावर उभं राहिलं, हे मला आमच्या सगळ्या कल्पनांपेक्षा मोठं वाटतं.

कमी माहीत असलेलं पण घ्यायलाच हवं असं एखादं भूत?

हांतू पेम्बुरू, शिकारी भूत. बायकोला डोहाळे लागतात, तिला पिसय हरणाचं मांस हवं असतं. पण तिला हवा तो नर, आणि तोही पोटात नर पिल्लू असलेला, असं नवऱ्याच्या डोक्यात बसतं. तो कुत्रे घेऊन जंगलात शिरतो आणि शपथ घेतो की मिळाल्याशिवाय परतणार नाही. असा प्राणी जगात असूच शकत नाही, म्हणून तो अजून शोधतोच आहे. जमिनीवर सापडलं नाही म्हणून वर बघत बघत त्याची मान तशीच आखडून गेली.

बायकोवरच्या प्रेमापायी घराला मुकलेला हा माणूस. इथे काही बदलायचीही गरज नाही. भीतीचा पदर बाजूला केला की गोष्ट आपोआप हळवी होते. मला तर राहून राहून त्याच्या बायकोचं वाटतं, जिचे डोहाळे केव्हाच सरले आणि वाट बघणं राहिलं.

म्हणजे कुठलंही भूत मायाळू करता येतं?

नाही. ओरांग मिन्याकला मी हात लावत नाही. तो अंगाला तेल लावून रात्री घरांत शिरतो आणि बायकांवर अत्याचार करतो. ही भीती गेल्या शतकात गावोगावी खरोखर पसरली होती आणि बायका सावध झोपायच्या. मलय नट-दिग्दर्शक पी. रामलींनी 1958 च्या ‘सुम्पाह ओरांग मिन्याक’ या चित्रपटात त्याला हेटाळणी सोसलेला कुबडा माणूस दाखवलं, आणि तिथे ते मोठ्या ताकदीने उभं राहिलं आहे, पण ती मोठ्यांसाठीची शोकांतिका. लहान मुलांसाठी त्याला गोंडस करणं म्हणजे ज्यांना त्रास झाला त्यांच्या तोंडावर हात ठेवणं. माझी कसोटी ही: त्या भुतावर अन्याय झाला असेल तर त्याची बाजू मांडावी. त्याने दुसऱ्यावर केला असेल तर गोष्ट ज्याच्यावर झाला त्याच्या बाजूने सांगावी.

मूळ परंपरेत चांगली, मदत करणारी अदृश्य मंडळी आहेत का?

भरपूर, आणि इथेच मराठी वाचकाला घरी आल्यासारखं वाटेल. ओरांग बुनियान म्हणजे जंगलात, डोंगरात माणसांसारखीच गावं करून राहणारे अदृश्य लोक. कांपुंगात, म्हणजे खेड्यात, लग्नकार्य असलं की त्यांच्या गुहेपाशी जाऊन ताटवाट्या मागायच्या. दुसऱ्या दिवशी भांडी बाहेर ठेवलेली असायची. कुणीतरी लोभाने परत केली नाहीत आणि तेव्हापासून ते बंद झालं. विदर्भात आणि कोकणात कितीतरी तळ्यांबद्दल अगदी हीच गोष्ट सांगतात: कार्याला तळ्याकडे भांडी मागायची, आणि शेवटी एकाने एक भांडं ठेवून घेतलं. समुद्रापलीकडच्या दोन ठिकाणी माणसाच्या हातून तीच आगळीक झालेली पाहून मला गलबलतं.

रानातून जाताना मलय माणूस आजही पुटपुटतो: दातुक, नेनेक, चुचु तुंपांग लालू. आजोबा, आजी, नातवंडं इथून जातायत, जाऊ द्या. न दिसणाऱ्याला आजी-आजोबा म्हणून हाक मारायची. मलेशियाच्या क्लांतान राज्यातल्या ‘माइन पुतेरी’ या उपचाराच्या विधीत वैदू भुताला थेट हाकलून देत नाही. वाद्यांच्या साथीने त्याला बोलतं करतो, काय हवं विचारतो, घासाघीस करतो. भुताचं ऐकून घ्यायची रीत तिथे मुरलेली आहे. आम्ही नव्याने फार काही आणत नाही.

मलय मित्रांना हे आवडतं का? धर्माचा प्रश्न येत नाही?

येतो, आणि तो मनापासून ऐकावा. बहुतेक मलय मुसलमान आहेत आणि भुताखेतांवर श्रद्धा ठेवणं अनेकांना धर्माविरुद्ध वाटतं. ही गोष्ट नवी नाही. मलाक्क्याचे लेखक मुन्शी अब्दुल्ला यांनी 1849 मध्ये छापलेल्या आत्मकथनातही या समजुतींवर सडकून टीका आहे. त्यामुळे गोष्टीत भुताला नवस, पूजा, नैवेद्य असलं काही घालू नये. दुसरीकडे रोजच्या बोलण्यात पोंतियानाकला लोक आपुलकीने ‘काक पोन’ म्हणतात, काक म्हणजे ताई. एखाद्या मलय शेजारणीला गोष्ट आधी ऐकवा. ती कुठे हसते आणि कुठे गप्प होते, तिथे कळतं काय ठेवायचं ते.

पोंतियानाकला सरळ हडळ म्हणू का? मुलांना पटकन कळेल.

नको. नाव तिचंच राहू द्या. बोर्निओत विषुववृत्तावर पोंतियानाक नावाचं अख्खं शहर आहे, 1771 मध्ये वसवलेलं. संस्थापकाने तोफा डागून तिथली भुतं पळवली अशी आख्यायिका सांगतात. मुलांना नकाशावर ते दाखवलं की नाव कायमचं लक्षात राहतं.

भीती पूर्ण काढून टाकावी का?

पूर्ण काढली तर भूत राहत नाही, आणि मुलांना ते लगेच कळतं. मी थोडी राखते. पोंतियानाकचा आवाज मोठा आला तर ती लांब असते, बारीक आला तर अगदी जवळ, ही समजूत मी तशीच सांगते. तसंच फुलांचा वास. ती आली की चाफ्याचा, म्हणजे आपल्या देवळांबाहेर असतो त्या पांढऱ्या चाफ्याचा वास येतो. मलय कबरस्तानांत तो लावतात, म्हणून तिकडे तो मरणाशी जोडला गेला. आमच्या मुलांना तो आजोळच्या अंगणाचा वास वाटतो, आणि एकाच वासाने दोन घरांत दोन गोष्टी आठवतात यावर ती तासभर बोलू शकतात. बोलू द्या.

पाच वर्षांखालच्यांना मी तोयोल आणि बुनियानच सांगते. बाळ गमावल्याची गोष्ट मूल नऊ-दहाचं झाल्यावर, आणि त्या घरात असं काही अलीकडे घडलं असेल तर सांगतच नाही.

चित्र काढणाऱ्यांसाठी काही सूचना?

डोळे मोठे आणि गाल गुबगुबीत केले की झालं, असं समजू नका. पोंतियानाकचे केस घोट्यापर्यंत हवेत, नखं लांब हवीत. जुन्या काळी लांब निमुळती नखं सौंदर्याची खूण मानत. हात मात्र कामात दाखवा: बाळाच्या पाळण्याचं कापड धरलेले, मासा सोलणारे. पाळणा म्हणजे छताला स्प्रिंग लावून टांगलेलं सारोंग कापड, त्याला बुआइयान म्हणतात. आपल्या लाकडी पाळण्यासारखा काढलात तर मलय वाचक पहिल्याच पानावर थबकेल. घर खांबांवर उचललेलं, खाली मोकळी जागा. केळ काढताना पानं वाऱ्याने फाटलेली काढा. धड पानांची केळ फक्त कॅलेंडरात असते.

सुरुवात कुठल्या भुतापासून करू?

तोयोलपासून. एक मूल, मूठभर मूग आणि एक लोभी मालक एवढ्यावर गोष्ट उभी राहते. मुलांच्या हातात खरे मूग द्या आणि मोजायला लावा. मालक दारात येऊन उभा राहिल्यावर तोयोलने काय करावं, हे त्यांनाच ठरवू द्या.